ताईच्या मापाची सायकल

१२ जानेवारी. सकाळचे गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे उरल्याच्या कारखान्यांकडे रवाना केले आणि आईकडे येऊन ताईची सायकल पुसायला घेतली. विकायची म्हणजे फोटो स्वच्छ यायला हवेत. साखळीला रॉकेलचा बोळा, फ्रेमला आधी ओलं फडकं, मग कोरडं. हॉलमधल्या खिडकीपाशी उभी करून चारही बाजूंनी फोटो काढले आणि मोबाईलवर जाहिरात टाकली. दुपारच्या आत पहिला मेसेज आला, ‘दीदी, कितने साल के बच्चे के लिए है?’ मी उत्तर दिलं, ‘चौवन साल के.’ त्या माणसाने पुढे काही विचारलं नाही.

शोभाताई, माझी मोठी बहीण, चोपन्नाव्या वर्षी गेली. आता दीड महिना होत आला. बातमी तिच्या ऑफिसातून आली. मी वरणाला फोडणी देत होते. फोनवर तिच्या सेक्शनमधली बाई म्हणाली, ‘मॅडम को चक्कर आ गया है, आप आ जाइए.’ चक्करच म्हणाली, म्हणून मी गॅस बंद करून, पातेल्यावर झाकण ठेवून, घरच्याच साडीत स्कूटर काढली. तेलीबांध्याहून नव्या रायपूरकडे जाणारा रस्ता रुंद, सरळ, दुपारचा तर अगदीच ओसाड. त्या रस्त्याने जाताना मी ताईला रागावत होते, मनातल्या मनात. डबा खाल्ला नसेल, पोहून तशीच ऑफिसला गेली असेल... डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, हे नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. तिला काही कळलं नसेल, असं डॉक्टर म्हणाले.

ताईची उंची चार फूट दहा इंच. आज हे मी सहज लिहिते आहे, पण आमच्या घरात ही उंची कित्येक वर्षं कुणी तोंडातून काढली नव्हती. घरात ताई पाच फूट होती. तिच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा आईने बायोडाट्यात पाच फूट लिहायला लावलं आणि ते तिथेच राहिलं. तिने अंगकाठी आईची घेतली, मी बाबांची. बाबा रेल्वेत रुळांच्या कामावर होते, गोंदियाकडून बदलून इथे आलेले, दारातून आत येताना मान वाकवायचे. आई त्यांच्या खांद्याच्याही खाली. पण आईच्या लग्नात तिची उंची कुणी कागदावर मागितली नव्हती, ताईची मागायला लागले. एका स्थळाच्या वेळी मुलाच्या आत्याने चहा झाल्यावर ताईला म्हटलं, ‘जरा चप्पल काढून उभी राह्य व बाई.’ ताईने चप्पल काढली. ती लोकं परत आली नाहीत. त्यानंतरही दोन-चार स्थळं आली, मग ती यायची थांबली, मग बाबा गेले. पाच फूट मात्र तसंच राहिलं. माझं लग्न झालं, मी शेजारच्या इमारतीत राहायला आले. ताई आणि आई दोघीच या घरात उरल्या.

तिचा उंचीशी झगडा रोजचा होता, पण कुरकुर कधी ऐकली नाही. बसमध्ये वरच्या दांडीला हात पुरायचा नाही, म्हणून ती दाराजवळच्या खांबाला धरायची. ऑफिसच्या खुर्चीवर पाय लोंबकळायचे, म्हणून टेबलाखाली एक पाट ठेवला होता. बँकेच्या काउंटरवर फक्त तिचं कपाळ दिसायचं. नवीन राज्य झालं आणि तिचं ऑफिस पुढे नव्या रायपुरात गेलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘पाह्य, रायपूरची बढती झाली. जिल्हा होता, राजधानी झाली. मी बापडी होती तेवढीच हाय.’

पोहायला ती गेली गुडघ्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तिथे सकाळी एक घोळका यायचा, पोहून झालं की सायकली काढून नव्या रायपूरच्या रस्त्याला लागायचा. त्यांच्याकडून तिला ट्रायथलॉन कळलं. आधी पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसायचं, सायकल टाकली की लगेच धावायला लागायचं. मला सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. मी म्हटलं, ‘काहून? कोण मागं लागलं?’ ती म्हणाली, ‘कोणीच नाही. म्हणून तर.’

पोहणं तिला जमलं, धावणंही हळूहळू जमलं. सायकल जमेना. घोळक्यातली पोरं आपल्या सायकली द्यायची, पण त्यावर ती सीटवर बसली की हँडल हातात येईना, हँडल धरलं तर सीट सुटे. शहरातली सगळी दुकानं तिने पालथी घातली. मीही एकदा सोबत गेले. दुकानदाराने सगळ्यात लहान रेसिंग सायकल काढून दाखवली, ताई तिच्या शेजारी उभी राहिली आणि दुकानदाराने ती मुकाट्याने आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, ‘दीदी, लेडीज में ले लो न, बास्केट वाली. सब्जी भी आ जाएगी.’ ताई हसली. घरी येताना मात्र स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणाली, ‘मधू, जन्मभर दुसऱ्यायच्या मापात बसून राहिली मी. एक वस्तू मले माया मापाची पाहिजे. एकच.’ ती मागणारी बाई नव्हती. म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पुण्यात एक जण माप घेऊन हाताने फ्रेम जोडून देतो, असं घोळक्यातल्या कुणी सांगितलं. निनाद त्याचं नाव. पुढचे काही महिने आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. ताई ऑफिसातून आली की फोनवर निनाद. चाकं नेहमीपेक्षा लहान घ्यायची ठरली, नाहीतर वळताना तिच्या पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागला असता. हँडलच्या मधून पुढे निघालेल्या दोन दांड्या असतात, कोपरं टेकायला त्यांवर गाद्या असतात. त्यावर वाकून, जवळजवळ पालथं पडून सायकल हाकायची, म्हणजे वारा अंगावरून निघून जातो. फ्रेम पोलादाची. हे ऐकून आमचे हे, जे सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरीला आहेत, म्हणाले, ‘अख्ख्या देशाला इथून लोखंड जातं, आणि ताई पुण्याहून लोखंड मागवून राहिल्या!’ रंगाला तर तिने आठवडे लावले. शेवटी नारिंगी, बाबांच्या रुळांवरच्या गँगची माणसं घालायची त्या जाकिटाचा. मी म्हटलं, ‘भडक नाही होणार?’ म्हणाली, ‘ट्रकवाल्याले दिसलं पाहिजे. आणि मलेही.’

माप घेतलं रविवारी. निनादने पायाचं, हाताचं, खांद्याचं माप आणि एकूण उंची मागितली होती. उंचीतून पाय वजा केला की धड किती, हे त्याला कळायचं, आणि त्यावरून सीटपासून हँडल किती लांब ठेवायचं ते तो ठरवायचा. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पायांच्या मध्ये जाड पुस्तक धरलं, मी टेप लावला, खालचं टोक आईने दाबून धरलं. पाय झाला, हात झाला, खांदे झाले. ताई मोबाईलवर एकेक आकडा टाकत होती. उंचीपाशी आल्यावर तिने टेप मागितला नाही. पाच फूट टाकलं आणि पाठवून दिलं. कुणी थबकलं नाही. खोटं बोलताना माणूस थबकतो. हे आमच्याकडे खोटं उरलंच नव्हतं, ती ताईची उंची होती.

सायकल ट्रान्सपोर्टने आली, खोक्यात सुटी. घोळक्यातल्या दोघांनी जोडून दिली. आईने हँडलला कुंकू लावलं, नारळ फोडला, मग चष्मा सारखा करत सगळीकडून बघितलं. ‘स्टँड नाही? क्यारियर नाही?’

‘नसते आई याले.’

‘घंटी तर पाहिजे नं. लोकायले कसं समजन मागून कोणी येऊन राहिलं ते?’

‘पुढे गेल्यावर समजन,’ ताई म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पण ताई सायकलीला पुरेना. गाद्यांवर कोपरं टेकायला गेली की पाठ ओढली जायची, मान आखडायची. सीट पुढे सरकवून झाली, हँडलचा जोड आखूड बसवून झाला. अजूनही थोडं अंतर उरतच होतं. थोडं म्हणजे किती, तेही कळेना. रोज सकाळी मी भाज्या चिरायला बसायचे त्या वेळी ती निघायची आणि परत आली की आई तिच्या खांद्यांना तेल चोळायची. स्पर्धा ओडिशातल्या एका धरणावर होती, नाव दिलेलं होतं, दिवस जवळ येत होते. मी म्हटलं, ‘त्या पुण्याच्याले फोन लाव. त्यानं चुकवली.’ ताई म्हणाली, ‘त्याची काय चूक? दिलेल्या मापाची बनवली त्यानं. मीच कमी पडून राहिली.’ हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, बसच्या दांडीबद्दल बोलावं तसं. माझ्या हातातली सुरी थांबली. दुकानातल्या सायकलीला ती पुरली नाही, ते समजू शकत होते. पण हिच्यासाठीच बनवलेल्या वस्तूलाही ही पुरत नाही, असं तिला वाटायला लागलं होतं... आणि तिला त्याचं नवल वाटत नव्हतं.

शेवटी फोन मीच लावला, व्हिडिओवर. पावसाळ्यात घरात सराव करायला ताईने एक लोखंडी घोडी आणली होती, तिच्यात मागचं चाक अडकवलं की जागच्या जागी पेडल मारता येतात. त्यावर सायकल चढवली, ताईला बसवलं आणि मी मोबाईल धरून बाजूला उभी राहिले. आई पलंगावर मेथी निवडत होती. निनाद बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘ताई, जरा उतरून परत बसता का? ...पाय अगदी बरोबर आहे. हातही बरोबर. पण मधलं धड कागदावर आहे तेवढं दिसत नाहीये. साधारण दोन इंच कुठेतरी हरवताहेत. माझ्याच हातून काही चुकलंय का, बघतो.’

ताई हँडलकडे बघत राहिली. मी ताईकडे. मला माहीत होतं, ताईला माहीत होतं, आणि दोघींपैकी कुणालाही ते बोलता येत नव्हतं. तेवढ्यात पलंगावरून आई म्हणाली, ‘तुयं काही चुकलं नाही रे बापू. ते दोन इंच माये आहेत.’

‘म्हणजे, आजी?’

‘मी टाकले होते. हिच्या लग्नासाठी.’ आईच्या हातात मेथीची काडी तशीच होती. ‘पोट्टीले आपल्या मनानं मोठी केली मी. लग्न तं झालं नाही. अन् ते दोन इंच बसले तिच्या डोक्यावर.’

मग ताई सायकलवरूनच म्हणाली, मोठ्याने, हजेरीत नाव पुकारल्यावर म्हणतात तसं, ‘लिहून घ्या. चार फूट दहा.’

निनाद म्हणाला, ‘घेतलं. पाठवा परत. वरची नळी कापून आखूड बसवतो, पोलाद आहे, होतं.’

‘कापून लहान होते?’ आईने विचारलं.

‘होते ना, आजी.’

‘मंग पहिलेच लहान काहून नाही केली रे?’

ताई इतकी हसली की घोडीवरची सायकल हलायला लागली आणि मला मोबाईल टाकून ती धरावी लागली. हसता हसता ती आईकडे बघून रडायला लागली, आई म्हणाली, ‘उतर खाली, पडशीन,’ आणि परत मेथी निवडायला लागली. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. रात्रीच्या जेवणाला मेथीचं पिठलं होतं, ते मात्र आईने ताईच्या ताटात दोनदा वाढलं.

सायकल परत आली तेव्हा स्पर्धेला थोडेच दिवस उरले होते. मला त्या दिवशी नव्या रायपुरात एका बांधकामाच्या साइटवर डबे पोचवायचे होते, म्हणून मी सकाळीच स्कूटरने निघाले होते. मागून कुणीतरी आलं आणि सरकन पुढे निघून गेलं. नारिंगी. कोपरं गाद्यांवर, पाठ सपाट, डोकं खाली. पाय एका लयीत फिरत होते, बाकी अंग जराही हलत नव्हतं. ताईला मी आयुष्यभर वरून खाली बघत आले होते, ती माझ्यापेक्षा मोठी असूनही. त्या सकाळी रस्त्यावर ती लांब दिसली. सायकल कुठे संपते आणि ताई कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. मी हॉर्न दिला. तिने मागे वळून पाहिलं नाही, फक्त एका हाताचं बोट वर केलं.

स्पर्धेत पोहण्यात ती अगदी मागे राहिली. सायकलवर तिने कित्येकांना मागे टाकलं, धावताना त्यातले बरेच जण पुन्हा पुढे गेले. मी आणि आई मांडवाच्या सावलीत बसलो होतो. ती आली तेव्हा मांडवाचे दोर सोडायला सुरुवात झाली होती, पण वेळेत आली, गळ्यात पदक पडलं. आईने पहिला प्रश्न विचारला, ‘खांदे?’ ताई म्हणाली, ‘दुखून नाही राहिले.’

त्यानंतर तिला एक नवीनच खोड लागली. कुणी विचारो न विचारो, ती आपली उंची सांगायची. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला, डोळ्यांच्या डॉक्टरला, ऑटोवाल्याला. ‘भैया, मैं चार फुट दस हूँ, ये सीट थोड़ी नीची रखा करो.’ एका लग्नात बुफेच्या रांगेत तिने एका अनोळखी बाईला सांगितलं, तेव्हा मी तिला कोपर मारलं. ती म्हणाली, ‘सांगू दे नं व. इतकी वर्षं सांगितलीच नव्हती.’ दोन हिवाळे तिने ती सायकल चालवली. तिसरा लागला होता.

तर आज जाहिरात टाकली. संध्याकाळपर्यंत आणखी तीन-चार मेसेज आले, सगळे मुलांसाठी विचारणारे. गिअर कसले, दांड्या कशाला, हे कुणालाच ठाऊक नाही. घोळक्यातली पोरं येऊन बघून गेली, त्यांच्यात कुणाला ती पुरत नाही. मी स्वतः एकदा बसून पाहिलं, गुडघे कोपरांना लागतात. घरात नुसती उभी ठेवून काय करायचं, टायर सुकतात, साखळी गंजते. आई पलंगावरून हे सगळं बघत होती. दिवा लावून झाल्यावर म्हणाली,

‘कोणाले देऊन राहिली?’

‘ज्याले पुरन त्याले.’

‘कोणाले पुरून राहिली?’

‘कोणालेच नाही, आई.’

तिने भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे बघितलं, मग सायकलकडे. म्हणाली, ‘मले बसवून पाह्य.’ मी म्हटलं, काहीतरीच काय, पडशील, कंबर मोडशील. मी ते सोडून दिलं आणि घरी येऊन उद्याच्या उसळीसाठी मटकी भिजत घातली.

१३ जानेवारी. सकाळी आले तेव्हा आई अंघोळ करून, गाऊन घालून, वेणी घालून घोडीशेजारी स्टुलावर बसलेली होती. किती वेळ बसली होती, कोण जाणे. तिला समजावण्यात अर्थ नव्हता. मी सायकल घोडीत अडकवली, हलवून पाहिली, घट्ट बसली होती. मग आईला काखेत धरून उचललं. रोज पातेली उचलते, पण आईचं वजन पातेल्याएवढंही उरलेलं नाही. सीटवर टेकवली, तिचा उजवा पाय मी माझ्या हाताने दांडीवरून पलीकडे नेला. तिने दोन्ही गाद्यांवर हात टेकले आणि पाय खाली सोडले. मी वाकून बघितलं. दोन्ही पेडल तिच्या तळव्यांना बरोबर लागले होते. सीट खाली करावी लागली नाही, काहीच करावं लागलं नाही.

‘पुरते?’ तिने विचारलं.

‘पुरते, आई.’

तिने पेडलवर जरासा जोर दिला. मागचं चाक हळूच फिरायला लागलं. मी तिच्या पाठीला हात लावून उभी राहिले... आज डबे उशिरा गेले.